दिवसांचा रकाना

वहिनींनी विचारलं तेव्हा मी बेरजेच्या शेवटच्या ओळीशी होतो. दादानं रासायनिक खतं आणि फवारण्या बंद केल्या त्याला दोन वर्षं होत आली होती. शेतीचा हिशोब पहिल्यापासून माझ्याकडे, कारण माझी नोकरी आकड्यांची आणि दादाला आकड्यांचा कंटाळा. हंगाम संपला की मी जातो, पिशवीतल्या चुरगळलेल्या पावत्या तळहातानं सरळ करतो, तारखेनं लावतो आणि वहीत उतरवतो. त्या दिवशी पावत्यांची चळत नेहमीपेक्षा बरीच पातळ होती. खतांचं पान जवळजवळ कोरं, औषधांचं तर साफ कोरं. मागच्या वर्षांशी ताडून पाहिलं आणि मला मनापासून आनंद झाला. उत्पन्न घटलं होतं हे खरं, पण खर्चही एवढा उतरला होता की शेवटी तोटा अगदी किरकोळ दिसत होता. मी मोठ्यानं म्हणालो, "वहिनी, बघा तरी, खर्च केवढा खाली आलाय!" त्या नुकत्याच शेतातून आल्या होत्या. वहीला डाग पडेल म्हणून ओले हात मागे धरून त्या वाकल्या, सगळं पान वरपासून खालपर्यंत वाचलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, माझे दिवस कुठे लिहिलेत?"

मी पान उलटलं. पुढच्या पानावरही नव्हते.

त्यांच्या आवाजात तक्रार असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. पण त्यांनी अगदी सरळपणे विचारलं होतं, एखादी पावती राहून गेली असेल तर आठवण करून द्यावी तसं. बाहेरून बोलावलेल्या माणसांची मजुरी मी पैशापैशानं लिहिली होती. घरच्या माणसाचा दिवस मात्र हिशोबात धरायचा नाही, हे मला कुणी शिकवलं ते आठवत नाही. पण वही माझ्या हातात आली तेव्हापासून मी तसंच करत आलो. आधी ते खपूनही जायचं. तण काढायचं बरंचसं काम तणनाशकाच्या पावतीत येऊन जायचं: एक माणूस, पाठीवर पंप, एक सकाळ. पंप अडगळीत गेला आणि ते काम पावतीतून निघून वहिनींच्या गुडघ्यांत जाऊन बसलं. मी ज्याला बचत म्हणत होतो ती अशी होती.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर निंदायला गेलो. लव्हाळा माजला होता. वरून ओढला की पात तुटून हातात येते आणि गाठ खाली तशीच राहते, हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण ते माहीत असणं आणि ती गाठ शोधत बसणं यात फरक आहे. खुरपं तिरकं घालून माती उकरावी लागते. मग करंगळीच्या पेराएवढी काळपट गाठ लागते, नखानं सोलली की आत पांढरी, उग्र वासाची. तिच्यापासून दोऱ्यासारखं एक मूळ निघून पुढच्या गाठीकडे गेलेलं असतं, तिच्यापासून तिसरीकडे. मूळ मध्येच तुटलं की पुढची गाठ मातीत हरवते आणि पंधरा दिवसांत तिथून नवी पात वर येते. अर्ध्या तासात माझ्या तर्जनीच्या आतल्या बाजूला फोड आला. वहिनी तोवर दोन सऱ्या पुढे गेल्या होत्या. उकिडव्या बसून एक पाय पुढे सरकवायचा, मग दुसरा, मध्ये उठायचं नाही, कारण उठलं की पुन्हा बसताना जास्त दुखतं, असं त्या म्हणाल्या. मी सवयीनं मोजत होतो. एका सरीला एवढा वेळ, मग एवढ्या सऱ्यांना किती, आणि हंगामात तीनदा. गुणाकार मनात पुरा झाला आणि रात्रीचा माझा आनंद आठवून मला मान वर करवेना.

मला जास्त लागलं ते वेगळ्याच कारणानं. हा बदल करावा असं दादाच्या मनात होतं, पण आकडे दाखवून त्याचा निर्णय पक्का केला तो मी. २०१५ साली डेव्हिड क्राउडर आणि जॉन रेगनॉल्ड या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. पाच खंडांतल्या ५५ पिकांवर झालेले ४४ अभ्यास एकत्र करून त्यांनी सेंद्रिय आणि रासायनिक शेतीचा ताळेबंद मांडला. सेंद्रिय मालाला मिळणारा जादा भाव धरला तर ती शेती २२ ते ३५ टक्के अधिक फायद्याची ठरते. आणि रासायनिक शेतीची नुसती बरोबरी करायला ५ ते ७ टक्के जादा भाव पुरतो, प्रत्यक्षात मिळतो तो ३० टक्क्यांच्या आसपास. या दोन वाक्यांखाली मी रेघ ओढली होती. दादाला ती मी वाचून दाखवली, कागदावर गणित करून दाखवलं, आणि तो म्हणाला, "मग अडचण काय आहे?" त्याच अभ्यासात पुढे होतं की मजुरीचा खर्च ७ ते १३ टक्के जास्त येतो, आणि जादा भाव वजा केला तर सेंद्रिय शेती मागे पडते. तेही मी वाचलं होतं. त्यांच्याखाली रेघ मात्र ओढली नव्हती.

अडचण पहिल्याच हंगामात कळली. दादाबरोबर मी माल घालायला गेलो होतो. व्यापारी माणूस सज्जन होता, त्यानं धान्य मुठीत घेऊन बघितलं, चांगलं आहे म्हणाला. दादानं सांगितलं की यात काही रासायनिक घातलेलं नाही. तो म्हणाला, "माझा विश्वास आहे हो, पण पुढच्याला मी काय दाखवू?" पोतं उलटं झालं. आधीच्या ढिगावर आमच्या धान्याची एक धार पडली आणि क्षणभर तिचा रंग थोडा वेगळा, थोडा पिवळसर असा दिसला. मग एका मुलानं त्यावरून फावडं फिरवलं. दादा त्या ढिगाकडे बघत उभा होता. मीही बघत होतो आणि आमचा माल कुठला ते मला आता सांगता येत नव्हतं.

यात व्यापाऱ्याची चूक नाही. नियमच तसा आहे आणि नियमाला कारण आहे. युरोपात काय, भारतात काय, वर्षभरात निघणाऱ्या पिकांसाठी जमिनीला दोन वर्षांचा रूपांतर काळ, म्हणजे तिचा माल सेंद्रिय म्हणून मान्य होण्याआधीचा काळ, धरला जातो, फळझाडांसारख्या बहुवार्षिक पिकांना तीन. अमेरिकेत मनाई असलेलं रसायन शेवटचं घातल्यापासून ३६ महिने मोजतात. तेवढ्या काळात शेतकऱ्यानं सगळं सेंद्रिय पद्धतीनं करायचं, तपासणी करून घ्यायची, तिचे पैसे भरायचे, नोंदी ठेवायच्या. माल मात्र साध्या मालाच्या भावानं जायचा. दुसऱ्याच्या फवारणीचा वारा बांधावरून येतो म्हणून कडेचा पट्टा सोडायचा, त्यातलं पीक वेगळं काढायचं, तेही आपल्याच हिश्श्याचं. ज्याला तो चांगला भाव हवा त्यानं आधी एवढं सोसून दाखवायचं. ग्राहकाची फसवणूक होऊ नये म्हणून हे हवंच, मला ते मान्य आहे. पण माझ्या रेघ ओढलेल्या वाक्यांतली टक्केवारी या काळाच्या पलीकडच्या काठावरची होती, आणि मी दादाला ती अलीकडच्या काठावर उभा राहून वाचून दाखवली होती.

बरं, नेमकी हीच वर्षं पिकालाही जड जातात. जगभरच्या तुलना २०१२ साली एकत्र केल्या गेल्या तेव्हा सेंद्रिय पद्धतीचं उत्पन्न पीक आणि परिस्थितीप्रमाणे ५ ते ३४ टक्के कमी भरलं होतं. हा फरक सरसकट नसतो, शेंगवर्गीय पिकांत तो थोडा, तृणधान्यांत जास्त. सुरुवातीला त्यात आणखी एक अडचण असते, ती नत्राची. १०० किलो युरियात ४६ किलो नत्र असतं. चांगल्या कुजलेल्या शेणखतात शंभर किलोला अर्धा किलोच्या आगेमागे. म्हणजे युरियाची दोन पोती डोक्यावरून नेऊन जे काम होत होतं, त्यासाठी आठ-नऊ टन खत आणायचं, उतरवायचं, पसरायचं, मातीआड करायचं. आणि एवढं करूनही त्यातलं सगळं नत्र त्या वर्षी पिकाच्या तोंडी पडत नाही. ते मातीतल्या जिवाणूंकडून सुटं व्हावं लागतं, थोडं यंदा, थोडं पुढच्या वर्षी, थोडं त्याच्या पुढच्या. पहिल्या वर्षी पीक पिवळं पडलं तेव्हा दादा रोज संध्याकाळी बांधावर जाऊन बसायचा. शेजारचं शेत गर्द हिरवं. फोनवर त्यानं मला दोनदा विचारलं, "एक पोतं टाकू का?" मी दोन्ही वेळा नको म्हणालो. सांगायला माझं काय जात होतं!

माती हिशोब कसा ठेवते याचं एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड नावाच्या ठिकाणी १८४३ पासून एकाच शेतात गव्हाचा प्रयोग चालू आहे. काही पट्ट्यांत रासायनिक खत, एकात काहीच नाही, एकात हेक्टरी ३५ टन शेणखत, दरवर्षी. शेणखताच्या पट्ट्यानं रासायनिकाशी बरोबरी करून दाखवली. हे वाचून मला आधी हुरूप आला आणि मग प्रश्न पडला की हेक्टरी ३५ टन शेणखत दरसाल आणायचं कुठून? तेवढी जनावरं, त्यांना तेवढा चारा, त्या चाऱ्याला तेवढी जमीन. त्याच ठिकाणच्या दुसऱ्या एका शेतात १८५२ पासून २० वर्षं एका पट्ट्याला शेणखत दिलं आणि १८७१ नंतर बंद केलं. आज दीडशे वर्षं उलटून गेली तरी त्या पट्ट्याच्या मातीत सेंद्रिय अंश शेजारच्या खत न दिलेल्या पट्ट्यापेक्षा जास्त भरतो. ज्यांनी ते खत गाड्यांतून ओढून आणलं, पसरलं, त्यांची नातवंडंही आता नाहीत. त्यांच्या श्रमाचं काही अजून त्या मातीत आहे. मला हे फार मोठं वाटतं, आणि त्याच वेळी हेही वाटतं की त्या माणसांना मजुरी मिळाली ती त्या आठवड्याची.

आमच्या वहिनींना तीही नाही.

पुढच्या पिढीला, खालच्या विहिरीच्या पाण्याला, बांधापलीकडच्या मधमाश्यांना जे मिळणार त्याचा खर्च आज एकाच घरानं उचलायचा, ही मांडणी मला अन्यायाची वाटते. आणि घाई केली तर त्याहून वाईट होतं. श्रीलंकेत २०२१ च्या मे महिन्यात सरकारनं रासायनिक खतांची आयात एकदम थांबवली. मातीला अवधी नाही, तेवढं सेंद्रिय खत तयार नाही, शेतकऱ्यांना पद्धत ठाऊक नाही. भाताचं उत्पादन घसरलं, चहालाही फटका बसला, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घ्यावी लागली, पुढे शेतकऱ्यांना भरपाई जाहीर करावी लागली. तेव्हापासून सेंद्रिय शेतीचा विषय निघाला की कुणीतरी श्रीलंकेचं नाव घेतंच. मला त्या लोकांशी भांडावंसं वाटत नाही. तिथं जे झालं ते खरंच झालं. पण मला त्यात दिसतं ते एवढंच, की जी वाट दादा दोन वर्षं एकेक पाऊल टाकत चाललाय ती एका देशाला एका हंगामात चालायला लावली होती. उलट डेन्मार्कनं १९८७ साली सेंद्रिय शेतीचा कायदा केला तेव्हा शेतकऱ्याला या मधल्या वर्षांत आर्थिक आधार देण्याची सोय त्यात केली. कुणीतरी बसून विचार केला होता की ही वर्षं कोण सोसणार. तो विचार झाला की पुढचं पुष्कळ सोपं होतं.

आणि दादाची जमीन निदान स्वतःची आहे. बांधाला बांध लागून जो कसतो त्याच्याकडे जमीन खंडानं आहे, वर्षावर्षाच्या बोलीवर. दादाचं बघून तो एकदा येऊन बसला, सगळं नीट विचारून घेतलं, मातीत हात घालून पाहिलं. मग उठताना म्हणाला, "दोन वर्षं मी रान सुधारायचं आणि तिसऱ्या वर्षी मालकानं दुसऱ्याला द्यायचं." पुढे तो काही बोलला नाही आणि आम्हालाही काही बोलता आलं नाही. कर्जाचंही तेच. हप्ता वर्षाच्या ठरल्या दिवशी येतो, त्या वेळी माती दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर कुठेतरी असते. ज्याच्या हाताशी दोन वर्षं थांबण्याइतकं काही आहे त्यालाच ही वाट परवडते. ज्याच्या अंगावर कीटकनाशकाचा फवारा सगळ्यात जास्त उडतो तो बहुधा त्यात नसतो.

तरीही मी दादाला परत फिर म्हणणार नाही. त्या दिवशी निंदताना वहिनींनी एक शेंगवर्गीय रोप मुळासकट उपटून माझ्या हातावर ठेवलं. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी लगडल्या होत्या. त्यांनी नखानं एक फोडली. आत गुलाबी, अगदी हिरडीसारखी. "गुलाबी म्हणजे काम चालू आहे, मागच्या वर्षी आतून पांढुरक्या होत्या," त्या म्हणाल्या. हवेतलं नत्र त्या गाठींतले जिवाणू ओढून घेत होते, पोत्याशिवाय, पावतीशिवाय. माती बोटांत घेतली तर ती पूर्वीसारखी ढेकूळ होऊन राहिली नाही, भुरभुर सुटली, आणि पहिल्या पावसाला येतो तो वास कोरड्या दुपारीही तिला होता. एक गांडूळ खुरप्याच्या पात्याला चिकटून वर आलं, ते वहिनींनी चिमटीत धरून पुन्हा सरीत सोडलं आणि वरून माती ओढली. त्यांना या जमिनीबद्दल काय वाटतं ते मला विचारायची गरज उरली नाही. त्यांचा प्रश्न फक्त वहीबद्दल होता.

संध्याकाळी मी वही पुन्हा उघडली, पट्टी घेऊन खर्चाच्या बाजूला आणखी एक रकाना आखला आणि वर 'घरचे दिवस' असं लिहिलं. वहिनी समोर बसल्या. तारखा त्यांना आठवत नव्हत्या, पण दिवस सगळे आठवत होते: पाऊस लांबला त्या आठवड्यातले पाच, धाकट्याला ताप होता तेव्हाचे दोन अर्धे, खत पसरायचे नऊ. दर काय लावायचा असं मी विचारलं तेव्हा त्या जरा थांबल्या. "बाहेरच्या बाईला देतो तोच," म्हणाल्या. मी बेरीज केली. काल किरकोळ दिसणारा तोटा आता चांगलाच मोठा झाला. दादा दारात उभा राहून ऐकत होता. मला वाटलं तो नाराज होईल, किंवा माझ्या त्या जुन्या टक्केवारीची आठवण करून देईल, आणि दिली असती तर ते योग्यच होतं. तो आत आला, कपाटावरून मागच्या वर्षांच्या वह्या काढल्या, धूळ झटकून माझ्यापुढे ठेवल्या.

"यात पण लिही मग," तो म्हणाला. "फवारणी केली की डोकं धरून पडून असायचो ते दिवस."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. त्या वह्या मीच लिहिल्या होत्या. औषधाचं प्रत्येक मापटं त्यात होतं, पंपाच्या दुरुस्तीची पावतीही टाचलेली होती. दादा पडून होता हे मात्र मला आज कळत होतं. मी सगळ्यात वरची वही उघडली, कडेला जागा अरुंद होती, तिथेच बारीक रेघ मारली आणि पहिल्या फवारणीच्या तारखेवर पेन टेकवलं.

"एक दिवस धर," दादा म्हणाला.

"एक कसला," वहिनी म्हणाल्या, "त्या वेळी तीन दिवस जेवला नव्हतात तुम्ही."

दादानं मान हलवली. मी तीन लिहिले आणि पुढची तारीख वाचली.